समुद्राचे राखणदार

श्रावणातली नारळी पौर्णिमा जवळ आली की कोकण किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत एकच गडबड उडते. पावसाळाभर वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी झालेली असते, फाटकी जाळी शिवून तयार असतात. दर्याला नारळ अर्पण करायचा आणि मगच होडी पाण्यात लोटायची, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा आत जाणे जिवावरचे काम, हे या शिरस्त्याचे उघड कारण. पण त्यातून आणखी एक गोष्ट साधते. माशांच्या अनेक जातींचा अंडी घालण्याचा हंगाम याच सुमारास येतो आणि नेमका तेव्हाच त्यांना निवांतपणा मिळतो. आज महाराष्ट्रात जून आणि जुलै या महिन्यांत यंत्रचलित नौकांना मासेमारीची बंदी असते, तिच्यामागेही ही दोन्ही कारणे आहेत.

म्हणजे ठराविक काळ समुद्राला विसावा द्यावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. मग ठराविक जागेला विसावा दिला तर? डोंगरावरच्या देवराईत कोणी कुऱ्हाड चालवीत नाही. काही नद्यांच्या डोहांत ‘देवाचे मासे’ म्हणून कोणी गळ टाकीत नाही. तसाच समुद्राचा एखादा तुकडा बारा महिने राखून ठेवला तर तेथे काय होईल? आणि त्या तुकड्याच्या शेजारी राहणाऱ्या, मासळीवरच पोट असणाऱ्या माणसांचे काय होईल?

अशा राखून ठेवलेल्या जागेला ‘संरक्षित सागरी क्षेत्र’ म्हणतात. काही क्षेत्रांत फक्त ठराविक प्रकारच्या जाळ्यांना मनाई असते, तर काहींत एक शिंपलासुद्धा उचलायचा नसतो. २०२२ मध्ये कॅनडातील माँट्रिअल शहरी भरलेल्या जागतिक परिषदेत देशांनी असे ठरविले की, २०३० पर्यंत पृथ्वीवरील जमिनीचा व समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणायचा. इतका मोठा संकल्प सोडण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारायला हवा. समुद्र राखल्याने खरोखरच मासळी वाढते का? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण फिलिपीन्स या बेटांच्या देशात जाऊ.

एका बेटावरचा प्रयोग

फिलिपीन्समध्ये सेबू या मोठ्या बेटाजवळ सुमिलोन नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्याच्याभोवती प्रवाळभित्ती आहे. प्रवाळ हे अगदी लहान प्राणी. लाखो प्रवाळांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थर साचून समुद्रात भिंतीसारखी रचना तयार होते आणि तिच्या कपारींत असंख्य मासे, खेकडे, शेवंडे आसरा घेतात. शेजारच्या गावांतले मच्छीमार होड्या घेऊन या भित्तीवर मासे मारीत.

जवळच्या दुमागेते शहरातील सिलिमन विद्यापीठात अँजेल अल्काला नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुमिलोनच्या एका बाजूचा सुमारे पाव भाग मासेमारीला बंद करण्यात आला. उरलेल्या तीन भागांत नेहमीप्रमाणे मासेमारी चालू राहिली. बंद भागात मासे किती, उघड्या भागात किती, मच्छीमारांच्या सापळ्यांत व जाळ्यांत किती मासळी येते, याच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या.

बंद भागात मासे वाढले, यात नवल नाही. मारले नाहीत तर ते वाढणारच. खरी गंमत पुढे आहे. १९८४ मध्ये स्थानिक कारभारातील बदलांमुळे राखणीची व्यवस्था मोडली आणि बंद भागातही होड्या घुसल्या. आता मच्छीमारांना पूर्वीपेक्षा अधिक जागा मिळाली होती. साध्या हिशेबाने पाहिले तर एकूण मासळी वाढायला हवी होती. पण दोन वर्षांनी नोंदी तपासल्या तेव्हा असे आढळले की, सबंध बेटाभोवती मिळणारी मासळी जवळजवळ निम्म्यावर आली होती!

जागा वाढली आणि मासळी घटली. या कोड्याचा उलगडा एकच होऊ शकतो. तो बंद पाव भाग उरलेल्या तीन भागांना मासे पुरवीत होता. राखण मोडल्याबरोबर हा पुरवठा आटला. शास्त्रज्ञांनी मुद्दाम योजून असा प्रयोग केला नसता, कारण राखलेले क्षेत्र उद्ध्वस्त करून पाहण्याची परवानगी कोण देणार? पण माणसांच्या भांडणाने तो आपोआप घडला आणि विज्ञानाला एक मोलाचा पुरावा मिळाला.

थोरल्या मादीचे मोल

बंद भागातून बाहेर मासे कसे जातात? त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट अगदी सरळ आहे. समुद्राला कुंपण नसते. राखलेल्या भागात मासे दाटीवाटीने राहू लागले की अन्नासाठी, जागेसाठी त्यांच्यात चढाओढ सुरू होते आणि काही मासे सीमा ओलांडून बाहेर पडतात. काठोकाठ भरलेल्या हंड्यातून पाणी ओसंडावे तसाच हा प्रकार.

दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही, पण ती अधिक दूरवर जाते. बहुतेक समुद्री मासे आपली अंडी पाण्यात सोडून देतात. अंड्यांतून बाहेर पडलेले डिंभ, म्हणजे पिलांची अगदी प्राथमिक अवस्था, काही दिवस किंवा काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात. त्यांतले बहुतेक इतरांच्या भक्ष्यस्थानी पडतात. जे वाचतात ते कित्येक किलोमीटर दूर जाऊन एखाद्या खडकावर बस्तान बसवितात. म्हणून एका ठिकाणी राखलेल्या माशांची संतती दुसऱ्याच गावाच्या समुद्रात वाढू शकते.

या दुसऱ्या वाटेसाठी मोठ्या, वयस्क माद्यांचे महत्त्व फार आहे. मासे आयुष्यभर वाढत राहतात. वजन दुप्पट झाले की अंडीही दुप्पट होत असतील, असे आपल्याला वाटते. पण तसे घडत नाही. २०१८ मध्ये माशांच्या ३४२ जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुसंख्य जातींमध्ये अंड्यांचे प्रमाण वजनापेक्षा अधिक वेगाने वाढते असे दिसून आले. अटलांटिक महासागरातील कॉड माशाचे उदाहरण घ्या. ३० किलो वजनाची एक कॉड मादी जितकी अंडी घालते, तितकी घालायला २ किलो वजनाच्या २८ माद्या लागतात. या २८ माद्यांचे एकूण वजन ५६ किलो भरते! शिवाय मोठ्या मादीची अंडीही आकाराने मोठी असतात.

मच्छीमाराच्या जाळ्यात आणि बाजारातही मोठ्या माशालाच मान. त्यामुळे सतत मासेमारी होणाऱ्या भागातून प्रथम नाहीशी होतात ती ही थोरली मंडळी. राखलेल्या क्षेत्रात त्यांना म्हातारे होता येते. शेतकरी जसा कणगीतले निवडक बियाणे कितीही अडचण आली तरी विकत नाही, तशीच ही समुद्राची बियाण्याची कणगी होय.

शेवंड, अर्चिन आणि केल्प

समुद्र राखल्याने केवळ माशांची संख्या बदलते असे नाही. कोण कोणाला खातो यावर सर्व परिसंस्थेची घडी बसलेली असते आणि ती घडीच पालटते. याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमध्ये पाहायला मिळते.

त्या देशाच्या उत्तर भागात ली नावाच्या गावाजवळ ऑकलंड विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे. तेथील जीवशास्त्रज्ञ बिल बॅलंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेसमोरचा समुद्र राखावा म्हणून दहाएक वर्षे खटपट केली. अखेर १९७५ मध्ये सुमारे पाच चौरस किलोमीटरचे क्षेत्र संपूर्ण संरक्षित झाले. न्यूझीलंडमधले असे ते पहिलेच.

त्या वेळी तेथील खडकांची स्थिती विचित्र होती. बऱ्याच ठिकाणी ते उघडेबोडके पडले होते आणि त्यांवर काटेरी चेंडूसारख्या दिसणाऱ्या समुद्री अर्चिनांचे पीक आले होते. अर्चिन हा प्राणी केल्प नावाचे मोठे समुद्रशैवाल कुरतडून खातो. एरवी शेवंड आणि स्नॅपर नावाचा मासा अर्चिनांना फोडून खातात आणि त्यांची संख्या आवाक्यात ठेवतात. पण हे दोन्ही प्राणी माणसालाही प्रिय! त्यांची अमाप शिकार झाल्याने अर्चिन निर्धास्त झाले आणि त्यांनी केल्पची रानेच्या राने फस्त केली.

बंदीनंतर स्नॅपर व शेवंडे वाढली, त्यांचा आकारही वाढला. त्यांनी अर्चिन खाल्ले. अर्चिन कमी झाल्यावर उघड्या खडकांवर केल्प पुन्हा रुजू लागले. काही वर्षांनी जेथे ओसाड खडक होते तेथे केल्पचे रान डोलू लागले आणि त्याच्या आडोशाने लहान मासे, गोगलगायी व इतर कितीतरी जीव राहावयास आले. माणसांनी तेथे केल्पचे एक रोपही लावले नव्हते. त्यांनी फक्त आपला हात आवरता घेतला होता.

ली येथे दुसऱ्या वाटेचाही, म्हणजे डिंभांच्या प्रवासाचाही, पुरावा मिळाला. शास्त्रज्ञांनी राखीव क्षेत्रातील मोठ्या स्नॅपरांची आणि आसपासच्या सुमारे ४०० चौरस किलोमीटर समुद्रातील स्नॅपरच्या पिलांची जनुकीय तपासणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बाहेरच्या पिलांपैकी साधारणपणे दहांतील एकाचे आईबाप त्या पाच चौरस किलोमीटरांतले होते.

वर्गात करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, हे सारे एका सोप्या खेळातून समजून घेता येईल. कागदावर एका ओळीत दहा चौकोन आखा. हा झाला समुद्र. प्रत्येक चौकोनात ज्वारीचे चार दाणे ठेवा. हे झाले मासे. एका चौकोनात जास्तीत जास्त आठ मासे राहू शकतात असे समजा.

आता दोन नियम. दर वर्षी प्रथम मासेमारी होते आणि उघड्या चौकोनांतले सर्व दाणे उचलले जातात. त्यानंतर वीण होते. जेथे दाणे शिल्लक असतील तेथे त्यांची संख्या दुप्पट होते आणि आठांवरचे जादा दाणे शेजारच्या उघड्या चौकोनात जातात.

पहिल्या डावात सर्व चौकोन उघडे ठेवा. पहिल्या वर्षी ४० मासे मिळतील. दुसऱ्या वर्षी शून्य, आणि पुढे कायमचे शून्य.

दुसऱ्या डावात मधले दोन चौकोन बंद ठेवा. पहिल्या वर्षी आठ चौकोनांतून ३२ मासे मिळतील. वीण झाल्यावर बंद चौकोनांत चाराचे आठ होतील, पण जादा काही उरणार नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी हाती शून्य. मात्र त्या वर्षीच्या विणीत आठांचे सोळा होतील आणि प्रत्येक बंद चौकोनातून आठ, असे एकूण सोळा दाणे शेजारी जातील. तिसऱ्या वर्षी १६ मासे, चौथ्या वर्षी १६, पाचव्या वर्षीही १६. पाच वर्षांची बेरीज करा. पहिल्या डावात ४०, दुसऱ्या डावात ८०.

खरा समुद्र इतका सोपा नसतो. कोणतेही कोळी दर वर्षी सर्वच्या सर्व मासे उचलीत नाहीत आणि सर्व जातींची वीणही सारखी नसते. तरीही या खेळातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दुसऱ्या डावात पहिल्या वर्षी आठ मासे कमी मिळाले आणि दुसरे वर्ष कोरडे गेले. कागदावर शून्य लिहिणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची आहे त्याला त्या शून्याचा अर्थ विचारा. पाच वर्षांनी दुप्पट मिळेल, हे त्याला पटले तरी आज खायचे काय? समुद्र राखण्याचा खरा अवघड भाग येथेच आहे.

आपो बेटावरची माणसे

हा अवघड भाग कसा पार करता येतो, हे पाहण्यासाठी पुन्हा फिलिपीन्सकडे वळू. नेग्रोस बेटाच्या दक्षिण टोकाजवळ आपो नावाचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरही भरत नाही. तेथे काहीशे माणसांची वस्ती होती आणि जवळजवळ सर्वांचा उदरनिर्वाह मासेमारीवर चाले.

१९७० नंतरच्या काळात तेथील मासळी घटत चालली होती. आसपासच्या समुद्रात मासे मारण्याचे भयंकर प्रकार बोकाळले होते. कोणी पाण्यात सुरुंग उडवी, कोणी सायनाइडचे विष सोडी, तर कोणी दोरीला दगड बांधून प्रवाळांवर आपटी आणि घाबरलेले मासे जाळ्यात हाकली. यात मासे मिळत, पण त्यांचे घरही मोडत असे. आपोच्या मच्छीमारांना मासळीसाठी बेटापासून दूरदूर वल्हवत जावे लागू लागले.

१९७९ पासून अल्काला आणि सिलिमन विद्यापीठातील मंडळी आपोवर जाऊ लागली. ‘उद्यापासून येथे बंदी’ असा हुकूम त्यांनी सोडला नाही, आणि तसा त्यांना अधिकारही नव्हता. ते लोकांशी बोलत राहिले. त्यांनी काही बेटकऱ्यांना सुमिलोनला नेऊन राखलेल्या भागातले मासे प्रत्यक्ष दाखविले. तरी बहुतेकांना शंका होतीच. अशी तीन वर्षे गेली. १९८२ मध्ये चौदा कुटुंबांनी मान्यता दिली आणि सुमारे साडेचारशे मीटर लांबीचा किनारा निवडून त्यापुढचा समुद्र बंद करण्यात आला. बेटाभोवतीच्या प्रवाळभित्तीचा हा जेमतेम दहावा हिस्सा होता. राखणीला पोलीस नव्हते की गस्तीची बोट नव्हती. किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवायचे, एवढेच काम. ते बेटावरची माणसे आळीपाळीने करू लागली.

जागा मुद्दाम लहान निवडण्यात एक शहाणपण होते. दहांतला एकच हिस्सा बंद असल्याने पहिल्या वर्षांचा तोटा बेताचा होता आणि नऊ हिस्से पोटासाठी उघडे होते. जसजसे बंद भागात मासे दिसू लागले तसतसे इतर कुटुंबांचेही मन वळले आणि काही वर्षांतच सबंध बेटासाठी नियम झाले. सुरुंग, विष आणि बारीक आसाची जाळी यांना पूर्ण मनाई करण्यात आली. बेटाभोवती बेटावरच्यांनीच, तेही गळासारख्या साध्या साधनांनी मासे मारावेत असे ठरले.

अल्काला आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ गॅरी रस यांनी पुढे अनेक वर्षे आपोच्या माशांची मोजदाद केली. १९८३ ते २००१ या काळात तेथील मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन कुळांतील माशांचे वजन बंद भागात तिप्पट झाले. सीमेबाहेर पण सीमेच्या अगदी जवळ, दोन-अडीचशे मीटरांच्या पट्ट्यात, मासे वाढत गेले. त्याहून दूर मात्र तशी वाढ दिसली नाही. भरलेला हंडा ओसंडतो, पण त्याचे पाणी पायाशीच पडते! या माशांच्या बाबतीत गळाने तेवढ्याच वेळात मिळणारी मासळी पूर्वीच्या सुमारे दीडपट झाली. मच्छीमारांचे समुद्रात जाणेही खूप कमी झाले. कमी कष्टांत तेवढीच किंवा अधिक मासळी घरी येऊ लागली. याला आपण सुखाचे एक परिमाण म्हणू शकतो. वाचलेला वेळ माणूस घरासाठी, दुसऱ्या उद्योगासाठी वापरू शकतो आणि वादळाच्या दिवशी जीव धोक्यात घालण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

प्रवाळांचे सौंदर्य पाहण्यासाठी पाणबुडे पर्यटकही येऊ लागले. त्यांच्याकडून शुल्क घेतले जाई. त्या उत्पन्नाने आणि पर्यटनातून मिळालेल्या कामांनी बेटावरच्या कुटुंबांचे राहणीमान सुधारले. आपोची कीर्ती पसरल्यावर फिलिपीन्समधील कितीतरी किनारी गावांनी आपापला समुद्राचा तुकडा राखायला घेतला. अल्काला यांना १९९२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार देऊन गौरविण्यात आले. २०२३ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी ते निवर्तले.

राखणीने जे साधत नाही

येथवर वाचून असे वाटेल की, समुद्राच्या सर्व दुखण्यांवर हे रामबाण औषध आहे. तसे ते नाही.

आपोचेच पुढे काय झाले ते पाहा. १९९४ मध्ये ते बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांच्या यादीत गेले. मान वाढला, पण कारभार गावाच्या हातून सरकारी मंडळाकडे सरकला. पर्यटकांचे शुल्क आधी सरकारी तिजोरीत जाऊन मग बेटाकडे परत येऊ लागले आणि त्याला विलंब होऊ लागला. ज्यांनी पहारा केला होता त्यांच्यात नाराजी पसरली. पुढे डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मध्ये दोन प्रचंड चक्रीवादळे आली आणि राखीव भागातील प्रवाळांची मोठी हानी झाली. तीस वर्षे जपलेली भित्ती लाटांनी मोडली. माणसाला अडविता येते, वादळाला नाही. समुद्राचे तापणारे पाणी, शहरांचे सांडपाणी, नद्यांनी आणलेला गाळ हेही सीमेवरची पाटी वाचून थांबत नाहीत.

दुसरी मर्यादा माशांच्या स्वभावाची आहे. हेकरू, शेवंड, शिंपले असे एका जागी राहणारे जीव लहान क्षेत्रातही सुरक्षित राहतात. पण बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे थव्याने लांबचा प्रवास करणारे मासे अशा तुकड्यातून आले तसे निघून जातात. त्यांच्यासाठी हंगामी बंदी, जाळ्यांच्या आसाचा आकार, नौकांची संख्या असे दुसरे नियम लागतात. ली येथील राखीव क्षेत्र किनाऱ्यापासून फक्त ८०० मीटरपर्यंत जाते. तेथील शेवंडे ऋतूप्रमाणे त्याहून खोल पाण्यात चालत जातात आणि सीमेपलीकडे लावलेल्या सापळ्यांत सापडतात. त्यामुळे अलीकडच्या काळात राखीव क्षेत्रातही त्यांची संख्या बरीच घटली आहे. कुंपण कोठे घालायचे, हे नकाशा पाहून ठरवून भागत नाही. त्या प्राण्याची दिनचर्या माहीत असावी लागते.

तिसरी मर्यादा न्यायाची. एक जागा बंद केली की तेथल्या होड्या दुसरीकडे जातात आणि तेथे गर्दी होते. मोठी नौका असलेला माणूस दूर जाऊ शकतो. ज्याच्याकडे लहान होडी आणि गळ एवढेच आहे, तो कोठे जाणार? फायदा सर्वांचा आणि तोटा मात्र सर्वांत गरिबाचा, असे झाले तर ती राखण फार काळ टिकत नाही.

आणि आपले मालवण

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात प्रवाळ आहेत, समुद्रशैवाले आहेत, नाना जातींचे मासे व शिंपले आहेत. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने तेथे २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. त्यातला सुमारे तीन चौरस किलोमीटरचा भाग हा गाभा आणि त्याभोवती उरलेला पट्टा, अशी योजना होती. शास्त्राच्या दृष्टीने जागेची निवड चांगलीच होती.

पण मालवण हे गजबजलेले मासेमारीचे बंदर आहे. रापण ओढणाऱ्यांपासून गळ टाकणाऱ्यांपर्यंत शेकडो कुटुंबांचे पोट याच पाण्यावर अवलंबून आहे. अभयारण्य झाले म्हणजे आपल्याला आपल्याच दर्यातून हाकलणार, अशी भीती त्यांना वाटली आणि त्यांनी विरोध केला. हा विरोध दीर्घकाळ टिकला आणि अभयारण्य कित्येक वर्षे बव्हंशी कागदावरच राहिले. आपोवर आधी तीन वर्षे बोलणी झाली आणि मग रेषा आखली गेली. मालवणला रेषा आधी आली. दोन्ही ठिकाणी जीवशास्त्र एकच होते. फरक पडला तो विश्वासात.

मालवणचा मच्छीमार समुद्र राखण्याच्या विरुद्ध आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उपसून नेले जातात, याविरुद्ध सर्वांत मोठ्याने ओरडणारा तोच आहे. याच जिल्ह्यात पुढे ट्रॉलरच्या जाळ्यांना चौकोनी आस लावून लहान पिलांना निसटू देण्याचे प्रयत्न झाले. साधे आस जाळे ओढताना ताणले जाऊन मिटते, चौकोनी आस उघडे राहते आणि पिले बाहेर पडतात. खाडीत खेकडे पाळण्याचे, पाण्याखालचे प्रवाळ पर्यटकांना दाखविण्याचे व्यवसायही तेथे उभे राहिले. खेळातल्या त्या कोरड्या वर्षी चूल पेटती ठेवण्याचे हे मार्ग आहेत. अशी सोय आधी झाली, कोणता भाग राखायचा हे कोळ्यांच्या अनुभवाला विचारून ठरले आणि फायद्यातला वाटा त्यांच्या हाती वेळेवर पडला, तर मालवणच्या पाण्यातही हंडा ओसंडू शकेल.

कोकणातल्या गावांत राखणदाराची कल्पना आहे. तो गावाच्या सीमेवर असतो, रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि गाव सांभाळतो, असे जुनी माणसे सांगतात. समुद्राच्या सीमेवर असा अदृश्य राखणदार कोणी नेमलेला नाही. तेथे लागतो तो हाडामांसाचा माणूस, रोज पहाटे तेच पाणी पाहणारा. आपोच्या किनाऱ्यावर पाळी लावून बसलेली माणसे अशीच होती. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, अंगावर गणवेश नव्हता. समोरच्या पाण्यात वाढणारे मासे उद्या आपल्याच मुलांच्या ताटात येणार आहेत, एवढी खात्री मात्र त्यांना होती.